एसी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे नेमका कोणता परवाना मागावा?

मृण्मयी_डोंबिवली | १२ मे

नमस्कार. आमच्या घरी दीड टनाचा स्प्लिट एसी आहे आणि तो घेऊन चार वर्षे झाली आहेत. यंदा मार्चमध्ये खोली गार होईनाशी झाली म्हणून जवळच्या दुकानातून तंत्रज्ञ बोलावला. त्याने दहा मिनिटांत 'गॅस संपला आहे' असे निदान केले आणि २,८०० रुपये घेऊन गॅस भरून दिला. सात आठवड्यांनी पुन्हा तीच स्थिती झाली. या वेळी दुसऱ्या दुकानातून बोलावलेल्या मुलाने तेच वाक्य उच्चारले आणि जवळपास तेवढीच रक्कम मागितली. मी बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, 'ऑनलाइन पैसे द्या, तोच पुरावा.' मी त्याला परत पाठवले आणि सध्या पंख्यावर भागवते आहे.

माझी बहीण ह्यूस्टनला असते. तिचे म्हणणे असे की परवाना क्रमांक पडताळल्याशिवाय अशा कामासाठी कोणालाही घरात घेऊ नये. म्हणून मी तिसऱ्या दुकानात फोन करून 'आपला परवाना क्रमांक काय?' असे विचारले, तर पलीकडच्या गृहस्थांना मी महापालिकेतून बोलते आहे असे वाटले आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. तेव्हा प्रश्न असा की आपल्याकडे एसी तंत्रज्ञाचा परवाना म्हणून काही असतो का? असल्यास तो कोण देते, आणि नसल्यास योग्य माणूस ओळखावा कसा?

खट्याळ_खार

चौथ्या दुकानात फोन केल्यावर महापालिकेतूनच बोलते आहे असे सांगून पाहा. निदान बिल तरी मिळेल.

निदेशक_काका | १२ मे

मृण्मयीताई, मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत याच व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरगुती एसी दुरुस्त करणाऱ्या व्यक्तीने सरकारकडून स्वतंत्र परवाना घेतलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. त्यामुळे 'आम्ही सरकारमान्य परवानाधारक' असे ज्याच्या फलकावर लिहिलेले असेल, त्याला 'कोणता परवाना?' हे शांतपणे विचारावे. बहुतेक वेळा तो दुकानाच्या नोंदणीचा (गुमास्ता) किंवा जीएसटीचा क्रमांक निघतो. त्यावरून दुकान खरे आहे एवढे कळते, पण दुकानातून येणाऱ्या मुलाला फ्लेअर (जोडासाठी नळीचे टोक पसरवणे) करता येते की नाही, हे मात्र कळत नाही.

परवाना नसला तरी प्रमाणपत्र असते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो उत्तीर्ण झालेल्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्याशिवाय कौशल्य विकासाचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आहेत आणि मोठ्या कंपन्या आपल्या अधिकृत केंद्रांतील मुलांना स्वतःचे प्रशिक्षण देतात. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जो शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. अर्थात ते उद्दिष्टच होते. प्रमाणपत्र नसलेल्याने काम करू नये, असे त्यात कुठेही नव्हते.

आता तुमच्या एसीविषयी. 'गॅस संपला' हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. मोटारीतले पेट्रोल जळते तसा एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, कधी द्रव होतो, कधी वायू होतो आणि एसीच्या संपूर्ण आयुष्यात तेवढाच राहायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. दुसरे म्हणजे, थंडावा कमी होण्याचे कारण नेहमी गॅसच असते असेही नाही. जाळी धुळीने बंद झाली, बाहेरच्या युनिटची कॉइल मळली किंवा कपॅसिटर (मोटार सुरू करायला मदत करणारा विजेचा छोटा भाग) कमजोर झाला, तरी हेच लक्षण दिसते. ज्याने जाळी न काढता आणि दाब मोजणारा गेज न लावता दहा मिनिटांत निदान केले, त्याच्याकडे दहा प्रमाणपत्रे असती तरी मी त्याला नापासच केले असते.

भाऊ_सांगलीकर

काकांचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. आमच्याकडे गेली पंधरा वर्षे जे मिस्त्री येतात, त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली लागले आणि तिथेच सगळे शिकले. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून ते दोष सांगतात. त्याउलट, कागदपत्रे असलेल्या एका अधिकृत केंद्राच्या मुलाने आमच्या भावाच्या घरी पूर्ण पीसीबी (एसी चालवणारा सर्किट बोर्ड) बदलायला सांगून सहा हजारांचा खर्च काढला होता. आमच्या मिस्त्रींनी एक सैल झालेली वायर घट्ट केली आणि काम झाले. कागदावर इतका भर दिला तर असे हात उपाशी राहतील.

ह्यूस्टनकर | १३ मे

मृण्मयीताईंच्या भगिनींच्याच गावी राहतो, म्हणून इकडची पद्धत सांगतो.

येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली आहे केंद्रीय पर्यावरण संस्थेचे कलम ६०८ खालचे प्रमाणपत्र. ज्याला गॅस हाताळायचा आहे अशा प्रत्येक तंत्रज्ञाला १९९४ पासून ते आवश्यक आहे. ते ओझोनच्या थराच्या चिंतेतून आले आणि गॅस हवेत न सोडता गोळा कसा करायचा, यावरच त्याच्या परीक्षेचा मुख्य भर असतो. दुसरा आहे टेक्सास राज्याचा कंत्राटदार परवाना. त्याचा क्रमांक कंपनीच्या गाडीवर दोन्ही बाजूंना ठळक लिहावा लागतो, विमा काढावा लागतो आणि ग्राहकाला तो क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र हा परवाना कंत्राटदाराचा असतो. घरी येणारा तरुण त्या परवान्याखाली केवळ नोंदणी केलेला, शिकाऊही असू शकतो.

हे सारे असूनही येथे फसवणूक होत नाही असे मुळीच नाही. मागील उन्हाळ्यात माझ्याकडे परवाना, विमा आणि इस्त्रीचा गणवेश असलेल्या गृहस्थांनी 'संपूर्ण यंत्रणाच बदला' असे सांगितले होते. दुसऱ्याने कपॅसिटर बदलून काम भागवले. परवान्याचा उपयोग एवढाच की काम बिघडले तर तक्रार कोणाकडे करायची, हे ठाऊक असते.

सिडनीची_सई

ऑस्ट्रेलियात याहून कडक आहे. येथे गॅस हाताळण्यासाठी राष्ट्रीय परवाना लागतो आणि तंत्रज्ञाकडे त्याचे कार्ड असते. कार्डावर परवान्याचा प्रकारही लिहिलेला असतो, त्यामुळे केवळ स्प्लिट एसी बसवण्याची मुभा असलेल्याने शीतगृहाच्या यंत्रणेला हात लावायचा नसतो. वीजजोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची. माझे बाबा पुण्याहून आले होते तेव्हा एसी बसवायला आलेल्या माणसाचे कार्ड मी तपासले, तर बाबांना फार संकोच वाटला. 'अगं, आधी पाणी तरी विचार त्याला,' असे म्हणाले.

खट्याळ_खार

बाबा बरोबर आहेत. आधी पाणी, मग ओळखपत्र.

वायरमन_नाशिक | १३ मे

इथे सर्व चर्चा गॅसवर चालली आहे, म्हणून एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवतो. एसीच्या कामात आपल्याकडेही एक परवाना कायद्याने लागतो आणि तो विजेचा आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार ग्राहकाच्या जागेतील वीजसंचाच्या मांडणीत भर घालणे, बदल करणे किंवा दुरुस्ती करणे ही कामे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायची असतात. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्याला त्यातून सूट आहे, पण संचाची क्षमता आणि स्वरूप त्यामुळे बदलत नसेल तेवढ्यापुरतीच. म्हणजे जुन्या एसीच्या जागी तेवढाच नवा एसी त्याच पॉइंटवर लावणे वेगळे आणि ज्या खोलीत एसी कधी नव्हता तिथे मीटरपासून नवी वायर ओढणे वेगळे. हे दुसरे काम एसीवाला 'सोबत करून देतो' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मी पाहिलेले जळके प्लग बहुतेक याच प्रकारातले आहेत. पंख्या-दिव्यांच्या वायरवरून जोड मारून एसीचा सॉकेट काढायचा, अर्थिंगची हिरवी वायर नुसती आत मुडपून ठेवायची आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागला की त्याहून मोठा बसवायचा. एमसीबी पडत होता तो वायरला वाचवण्यासाठी. तो मोठा केला की आता वायरच जळणार. दीड टनाच्या एसीसाठी मी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपियरचा स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेले अर्थिंग यांखेरीज काम घेत नाही. कोणी 'एवढे कशाला?' म्हटले तर नम्रपणे नकार देतो.

मृण्मयी_डोंबिवली

वायरमन साहेब, आमचा सॉकेट हात लावला तर कोमट लागतो. आजवर ते स्वाभाविकच समजत होते.

वायरमन_नाशिक

ते स्वाभाविक नाही. तपासणी होईपर्यंत एसी बंदच ठेवावा. पंख्यावर भागवत आहात, हे उत्तम.

सेक्रेटरी_ठाणे

गृहनिर्माण संस्थेच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो. आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर एक मुलगा बाहेरचे युनिट धुण्यासाठी खिडकीबाहेरच्या सज्जावर उभा होता आणि त्याच्या कमरेला काहीही बांधलेले नव्हते. मी खालून ओरडलो, तर त्यानेच मला 'काका, रोजचेच आहे' असे सांगून धीर दिला. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की सुरक्षापट्टा आणल्याशिवाय बाहेरच्या युनिटवर काम करता येणार नाही. संस्थेने दोन पट्टे स्वतः विकत घेऊन पहारेकऱ्याकडे ठेवले आहेत. सभासदांनी 'वेळ लागतो' अशी तक्रार केली. तंत्रज्ञ चांगला की वाईट याची परीक्षा त्याने पट्टा मागण्यात आहे, असे मी म्हणणार होतो. पण खरे तर परीक्षा आपली आहे, कारण पाचशे रुपयांत काम करून देणाऱ्याला आपणच बोलावतो.

भाऊ_सांगलीकर

हे मात्र पटले. आमचे मिस्त्रीही पट्टा बांधत नाहीत. या वेळी विचारतो.

मालवणी_मासा | १४ मे

आमच्याकडे समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या कॉइलची पाने दोन-तीन वर्षांत पिठासारखी भुरभुरतात आणि नळ्यांना बारीक छिद्रे पडतात. अशा एसीत दर हंगामाला गॅस भरणारे किनारपट्टीवर अनेक आहेत. त्यांतील एकाने माझ्या जुन्या, आर-२२ या गॅसवर चालणाऱ्या एसीत 'नवीन, स्वस्त, जास्त थंड करणारा' गॅस भरून देण्याची तयारी दाखवली होती. सिलिंडरवर नाव नव्हते. मी नको म्हटले. तो कोणता गॅस असावा?

निदेशक_काका | १४ मे

नको म्हणालात हे फार चांगले केले. नाव नसलेल्या सिलिंडरात नेमके काय होते हे येथून सांगता येणार नाही, पण आर-२२ च्या जागी हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू भरण्याचे प्रकार घडतात. प्रोपेन स्वतः वाईट नाही. आर-२९० या नावाने तो काही एसींमध्ये कारखान्यातूनच येतो. आपल्याकडे गोदरेजने २०१२ पासून तसे एसी विकले आहेत. परंतु त्या यंत्रात गॅसचे प्रमाण मोजून कमी ठेवलेले असते आणि विजेचे भाग ठिणगीचा विचार करून बसवलेले असतात. आर-२२ साठी बनवलेल्या यंत्रात ही काळजी घेतलेलीच नसते.

याच संदर्भात भाऊंनाही उत्तर देतो. तुमच्या मिस्त्रींच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझे स्वतःचे गुरूही शाळेत न गेलेले होते. पण ते ज्या काळात शिकले तो आर-२२ चा काळ होता. तो गॅस जळत नसे, दाब तुलनेने कमी असे आणि सोबतचे खनिज तेल थोडाफार ओलावा सोसून घेई. आज बाजारात आर-३२ आहे. तो सौम्य ज्वलनशील गटात मोडतो, त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि त्याच्यासोबतचे कृत्रिम तेल हवेतील ओलावा टिपकागदासारखे शोषून घेते. त्यामुळे नळ्या जोडल्यावर थोडा गॅस सोडून हवा बाहेर 'ढकलण्याची' जुनी युक्ती आता चालत नाही; व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या कराव्याच लागतात. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटात ओढून घेण्याच्या प्रक्रियेत जर चालू कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरली, तर हवा आणि तेल दाबले जाऊन स्फोट होऊ शकतो. असे अपघात झालेले आहेत. हे कानाने कळत नाही, ते कोणीतरी सांगावेच लागते. त्यामुळे उस्तादांनाच आठवड्याभराच्या वर्गाला पाठवावे, हात उपाशी राहणार नाहीत.

भाऊ_सांगलीकर

मान्य. त्यांना पाठवण्याचा प्रयत्न करतो, मात्र वर्गात शिकवणारा त्यांच्याहून वयाने मोठा असावा एवढी अट ते नक्की घालतील.

ह्यूस्टनकर

काका, मग मृण्मयीताईंनी दारात उभ्या असलेल्या माणसाला नेमके विचारायचे काय? प्रमाणपत्र दाखवा म्हटले तर येथेही माणसे दुखावतात.

निदेशक_काका

त्याला कागद मागण्याआधी पिशवी पाहावी. फोनवरच सांगावे की गळती शोधायची आहे, तेव्हा नायट्रोजनचे सिलिंडर, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन या. जो 'त्याची गरज नाही' म्हणेल, त्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवावा. वजनकाटा यासाठी की एसीत किती ग्रॅम गॅस भरायचा, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते आणि आर-३२ तेवढाच भरायचा असतो. 'नळी गार लागेपर्यंत' हे काही माप नव्हे. एवढे घेऊन जो येतो, तो सहसा कुठेतरी नीट शिकलेला असतो आणि मग त्याचे प्रमाणपत्र मागितले तर तो दुखावत नाही, उलट मोबाइलमध्ये जपून ठेवलेला फोटो उत्साहाने दाखवतो. बिलावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहून घ्यावेत. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र अधिकृत केंद्राखेरीज कोणालाही हात लावू देऊ नये. मृण्मयीताई, तुमच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी बहुधा अजून चालू असेल, कार्ड पाहा.

सिडनीची_सई

वजनकाट्याचे ऐकून बाबांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे भाजीवाल्याकडे काटा असतो, एसीवाल्याकडे कधी पाहिला नाही.

मृण्मयी_डोंबिवली | २३ मे

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण काम काल पूर्ण झाले.

काकांच्या सांगण्याप्रमाणे कार्ड शोधले. कॉम्प्रेसरची वॉरंटी चालू आहे, पण गळती त्यात बसत नाही असे केंद्राने सांगितले आणि येण्यासाठी नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. मधल्या काळात मी पाच दुकानांना फोन करून नायट्रोजन आणि वजनकाट्याविषयी विचारले. दोघांनी मला वेड्यात काढले, एकाने 'आणतो' म्हटले पण तो आलाच नाही, चौथ्याने त्यासाठी आठशे रुपये जास्त सांगितले आणि पाचवे गृहस्थ म्हणाले, 'ताई, त्याशिवाय गळती शोधतात तरी कशी?' मी त्यांनाच बोलावले.

ते साधारण पस्तिशीचे होते आणि आयटीआय झालेले होते. प्रमाणपत्राचा फोटो खरोखरच मोबाइलमध्ये होता आणि मी मागण्याआधी पाणीही विचारले, हे सईच्या बाबांना कळवावे. त्यांनी प्रथम जाळी काढून पाहिली, मग उरलेला गॅस काढून घेतला, नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडांवर साबणाचा फेस लावला. आतल्या युनिटमागे, भिंतीतून नळी जिथे येते तिथल्या फ्लेअर नटपाशी बुडबुडे आले. म्हणजे चार वर्षांपूर्वी बसवतानाच तो जोड नीट झालेला नव्हता आणि मी त्यावर यंदा २,८०० रुपयांचा गॅस हवेत सोडला. त्यांनी नळीचे टोक कापून नवे फ्लेअर केले, पुन्हा दाब देऊन तासभर गेजचा काटा तसाच राहतो का ते पाहिले, पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला आणि काट्यावर मोजून गॅस भरला. एकूण साडेतीन तास लागले. बिलावर आर-३२ आणि ग्रॅम दोन्ही लिहिलेले आहेत.

सॉकेट उघडून दाखवला तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. आतील एक वायर काळी पडली होती आणि अर्थिंग कुठेच जोडलेले नव्हते. 'हे माझे काम नाही, परवान्याचा वायरमन बोलवा, तोवर एसी लावू नका,' असे सांगून ते गेले. त्यामुळे गॅस भरलेला, गळती बंद झालेला एसी भिंतीवर आहे आणि आम्ही अजून पंख्याखालीच आहोत. डोंबिवली किंवा कल्याण परिसरातील परवानाधारक विद्युत कंत्राटदार कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.

वायरमन_नाशिक

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. येईल त्याला आधी मीटरपासूनची वायर पाहायला सांगा, सॉकेट नंतर.